इन्सुलिन आणि ग्लुकागॉनची अदलाबदल

प्रश्न : दहावीची उजळणी करताना मुलगी या दोन संप्रेरकांची कामं दर वेळी उलटी लिहिते. काय करावं?

उत्तर : व्याख्या बाजूला ठेवा, आलेख काढायला लावा. आडवी रेघ म्हणजे उपाशीपोटीची साखर : डेसिलिटर रक्तात 70 ते 100 मिलिग्रॅम. जेवणानंतर आलेख चढतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, यकृत ग्लुकोजचं ग्लायकोजेन करून ठेवतं, आलेख उतरतो. रात्रभर पोट रिकामं राहिलं की अल्फा पेशींचं ग्लुकागॉन तोच साठा मोडायला लावतं. खरा घोळ नावांचा आहे. ग्लुकागॉन संप्रेरक, ग्लुकोज साखर, ग्लायकोजेन साठा. तिन्ही वेगळ्या रंगांत लिहू द्या. ‘इन्सुलिन साखर नष्ट करतं’ हे वाक्य दिसलं तर लगेच खोडायला सांगा. ते साखर स्नायूंच्या पेशींत शिरू देतं. दोन दिवसांनी वही मिटून तोच आलेख पुन्हा.