मॉडर्न आर्ट कळत नाही, तरी ब्रिस्बेनचं गोमा बघायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे ब्रिस्बेनला दोन महिने आलाय, सूनबाई गोमाला, म्हणजे तिथल्या गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला, चला म्हणून मागे लागलीय, पण "आपल्याला त्यातलं काय कळणार?" असं वाटतंय. जरूर जा. जमलं तर दोनदा जा.

माझं माहेर डहाणूचं. वारली चित्रं मी लहानपणापासून बघत आले. लग्नघरात सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक काढायच्या. पुढे तीच चित्रं चादरींवर, कपांवर, स्टेशनांच्या भिंतींवर आली आणि माझं त्यांच्याकडे लक्ष जाईनासं झालं. 2015च्या डिसेंबरात लेकीला घेऊन मी गोमात गेले. खरं कारण एवढंच की बाहेर उकाडा होता आणि आत प्रवेश फुकट. दर तीन वर्षांनी भरणारं आशिया पॅसिफिक ट्रायेनियल हे कलाप्रदर्शन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. एका दालनात 'कल्पवृक्ष' नावाचा भारताचा विभाग होता आणि तिथे वारली चित्रं लावलेली होती. शेजारी गोंड, मिथिला.

मी तिथेच थबकले. हस्तकलेच्या जत्रेत ही चित्रं ढिगाने असतात, काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. इथे प्रत्येक चित्राशेजारी चित्रकाराचं नाव होतं, आणि विभागाच्या पूर्ण नावातच 'समकालीन' हा शब्द. वारली म्हणजे जुनं, आदिवासी, आणि मॉडर्न आर्ट म्हणजे शहरातलं, न कळणारं, ही माझ्या डोक्यातली वाटणी त्या दिवशी मोडली. आज जिवंत असलेला माणूस आजच्या जगाबद्दल काढतो, ते समकालीन. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे 1970च्या दशकात भिंतीवरून कागदावर आले, तेव्हा त्यांनीही हेच केलं होतं. आपल्याकडे हे सांगायला कुणी भेटलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

गोमा ज्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीचा भाग आहे, ती 1993पासून आशिया आणि पॅसिफिकमधल्या कलाकारांना सातत्याने बोलावतेय. त्यामुळे भिंतींवर आपल्या बाजूचं जग बरंच दिसतं. छत्तीसगडच्या सोनाबाईंचं मातीकाम 1999मध्येच इथे आलं होतं. गोमाची इमारत 2006ची, आणि नदीकाठाने पाच मिनिटांवर क्वीन्सलँड आर्ट गॅलरीची जुनी इमारत. दोन्ही बघा.

कळण्याचं म्हणाल तर एक उदाहरण देते. चिनी कलाकार त्साई ग्वो-च्यांग यांचं 'हेरिटेज' हे काम गॅलरीच्या संग्रहात आहे. निळ्या पाण्याचं तळं, भोवती पांढरी वाळू, आणि काठावर वाघ, हरणं, जिराफ, कांगारू असे 99 प्राणी मान खाली घालून एकत्र पाणी पितायत. मधूनच छतातून पाण्याचा एक थेंब तळ्यात पडतो. आमच्या सासूबाई त्यासमोर अर्धा तास बसल्या होत्या. त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. मात्र संग्रहातली कामं आलटूनपालटून मांडतात, तेव्हा सध्या काय लावलंय ते सूनबाईला वेबसाइटवर बघायला सांगा.

नातवंडं असतील तर त्यांना घेऊनच जा. जपानी कलाकार यायोई कुसामा यांची ती प्रसिद्ध पांढरी खोली, जिथे मुलं रंगीत टिकल्या चिकटवत अख्खं घर भरून टाकतात, ती 2002मध्ये इथल्याच मुलांसाठी पहिल्यांदा तयार झाली आणि मग जगभर फिरली.

सगळी दालनं एका दिवसात उरकू नका, पाय दुखतील आणि डोक्यात काही राहणार नाही. तीन-चार कामं निवडा. आधी नुसतं बघा, शेजारची पाटी नंतर वाचा. जाताना सिटीकॅटने, म्हणजे नदीतल्या फेरीबोटीने, साउथ बँकला उतरा, तिकीट पन्नास सेंट, आणि तिथून नदीच्या कडेने चालत या.