विल्सन आजाराची (शरीरात तांबं साचण्याचा आनुवंशिक विकार) शंका आहे. डोळ्यातलं तांबं टॉर्चने दिसतं का, की स्लिट लॅम्पच (अरुंद झोत टाकून डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) लागतो?

स्लिट लॅम्पच लागतो. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळांवर तांब्याचं सुरुवातीचं कडं टॉर्चने हमखास निसटतं. तांबं साचतं पारपटलाच्या (कॉर्निया) आतल्या बाजूच्या डेसिमेट पडद्यात, तेही आधी वरच्या कडेला, मग खालच्या, आणि पूर्ण गोल सगळ्यात शेवटी. म्हणून वरची पापणी उचलून, अरुंद झोत तिरका टाकून, मोठ्या वर्धनाखाली पाहावं लागतं. वरवर पाहून ‘काही नाही’ म्हटलं तर ती तपासणी झालीच नाही असं धरा. शंका उरलीच तर गोनिओस्कोपी करायला सांगा: बधिर करणारा थेंब घालून आरशाचं भिंग डोळ्यावर टेकवतात, पाचेक मिनिटांचं काम. डोळ्याच्या पुढच्या भागाच्या ओसीटीत (प्रकाशाने थरांचं चित्र काढणारी तपासणी) हाच थर चमकदार पट्ट्यासारखा दिसतो, पण ते यंत्र सगळीकडे नसतं. स्लिट लॅम्प मात्र मुंबईतल्या केईएम, जेजे, सायन रुग्णालयांच्या नेत्रविभागात असतोच. उतारवयातल्या चरबीच्या पांढुरक्या कड्याशी गल्लत होते; त्यात कड्याच्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या मध्ये स्वच्छ पट्टी राहते, तांब्याच्या सोनेरी-तपकिरी कड्यात राहत नाही.

एक मात्र: कडं नाही म्हणजे आजार नाही, असं नव्हे. मेंदूची लक्षणं असलेल्या बहुतेकांत ते सापडतं, पण फक्त यकृताचा त्रास असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत नसतं. उलट, पित्त तुंबण्याच्या जुनाट यकृतविकारातही क्वचित दिसतं. त्यामुळे रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि 24 तासांच्या लघवीतलं तांबं सोबत तपासा.