शब्द दाखवून लक्ष वळवायचा प्रयोग करणार असशील तर

हे बघ भाऊ, वस्तूचं नाव वाचलं की लक्ष आपोआप तिच्या नेहमीच्या जागेकडे, वर किंवा खाली, जातं का, हा विषय मस्त घेतला, पण इंग्रजी रिसर्च पेपरातली शब्दांची लिस्ट जशीच्या तशी उचलू नको. एस्टिस, व्हर्जेस अन् बार्सलू या मानसशास्त्रज्ञांच्या 2008 च्या प्रयोगात स्क्रीनच्या मधात टोपी, बूट असे शब्द यायचे, मग वर किंवा खाली एक अक्षर ओळखायचं, अन् गंमत म्हणजे वस्तूच्या नेहमीच्या जागीच ते ओळखायला लोकांना जास्त वेळ लागला, काहून की लक्ष तिकडे जातं पण तिथे डोक्यातलं त्या वस्तूचं चित्र आधीच येऊन बसलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून 'नेहमीच्या जागी ओळखणं फास्टच होईल' असं आधीच लिहून ठेवू नको.

आता शब्द. 'पंखा' वर, 'चप्पल' खाली, ठीक. 'मेट्रो'चा मात्र लोचा आहे, आपल्या वर्धा रोडवर खाली रस्ता, मधात फ्लायओव्हर अन् त्याच्याही वरून मेट्रो, तर नागपूरच्या पोराचं लक्ष वर जाईल, दिल्लीहून आलेल्याला भुयार आठवेल. 'कूलर' पण सोड, कोणाचा खिडकीत तर कोणाचा गच्चीवर. आधी वेगळ्याच लोकांना 'ही वस्तू कुठे असते' विचारजो, एकमत नसेल तो शब्द काढून टाक.

टार्गेट, म्हणजे ओळखायचं अक्षर, वर-खाली निम्मंनिम्मं अन् रँडम ठेवजो, नाहीतर लोकं अंदाज बांधून राहिले का लक्ष आपोआप गेलं हे कळणारच नाही. आकड्यांच्या नादी तर लागूच नको. लहान आकडा दिसला की लक्ष डावीकडे जातं, मोठा दिसला की उजवीकडे, हा फिशर वगैरेंचा 2003 चा प्रयोग लय फेमस, पण 2020 मध्ये बऱ्याच लॅबनी मिळून परत केला तेव्हा परिणाम काही दिसला नाही.