पितळी पाटी, सागवानी सांगाडा आणि चेसिसचा नंबर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या हिवाळ्यात पुण्यात जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांच्या मालकांचा मेळावा झाला. गाड्यांची पाहणी करणाऱ्या चौघांपैकी मी एक होतो. तेव्हापासून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: आपली गाडी खरोखर ती गाडी आहे का? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या आजोबांनी १९४९ साली घेतलेली एमजी टीसी (एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी खुली गाडी) तीस वर्षे बंगल्याच्या गॅरेजमध्ये बंद होती. दोन वर्षे खपून आम्ही ती चालती केली आणि मेळाव्यात आणली. तेथे एका गृहस्थांनी बॉनेट उघडून पाहिले आणि ‘इंजिन अँबेसेडरचे, सांगाडा सागवानाचा, म्हणजे ही टीसी नव्हेच’ असे चारचौघांत सांगितले. माझी आई शेजारीच उभी होती. तिच्या मनाला ते फार लागले. चेसिसचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी पायाचा, नंबर सहा हजारांच्या घरातला आहे. गाडी अस्सल की बनावट? (एक वाचक, भांडारकर रस्ता)

उत्तर : आपल्या आईंना प्रथम हे सांगा की इंजिन बदलल्याने गाडी बनावट ठरत नाही. जिचा चेसिसच कारखान्यातून आलेला नाही, किंवा जिच्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर चढवलेला आहे, ती गाडी बनावट. आपण पत्रात जे लिहिले आहे त्यावरून मला तसा संशय घेण्याचे काहीच कारण दिसत नाही.

टीसी १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली आणि एकूण गाड्या सुमारे दहा हजार निघाल्या. तिच्या चेसिसचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण २५१ हा त्या कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक होता. एखाद्या टीसीवर त्याहून लहान नंबर दिसला, तर तेथेच थांबून मालकाला चार प्रश्न विचारावेत. आपला सहा हजारांच्या घरातला नंबर १९४८ मधल्या उत्पादनाशी जुळतो, आणि ती गाडी बोटीने येऊन १९४९ मध्ये इथल्या रस्त्यावर उतरली असेल, तर तारखांचा मेळ उत्तम बसतो.

मात्र हा नंबर आपण कारखान्याने लावलेल्या पाटीवर वाचला की चेसिसवर, ते पत्रात स्पष्ट होत नाही. पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, म्हणून पुरावा चेसिसवरचाच धरावा. चेसिसच्या डाव्या पट्टीचे पुढचे टोक, जेथे पुढच्या स्प्रिंगचा पाटा अडकवलेला असतो, तेथे हा नंबर ठोकलेला असतो. तो भाग रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने सावकाश साफ करावा. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश त्याच्या जवळही नेऊ नये. मग आरटीओत पासिंगच्या वेळी घेतात तसा, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने प्रिंट घ्यावा. हाताने पंच ठोकून उमटवलेले आकडे क्वचितच एका रेषेत असतात; एखादा खोल गेलेला असतो, तर एखादा किंचित कलंडलेला. आकड्यांभोवतीचा पत्रा आसपासच्या पत्र्यासारखाच खडबडीत असेल तर चांगले. तेवढाच चौकोन गुळगुळीत दिसला, किंवा कडेने वेल्डिंगची रेघ हाताला लागली, तर मात्र पुढची तपासणी जाणकारांकडूनच करून घ्यावी.

आता इंजिन. टीसीचे मूळ इंजिन १२५० सीसीचे एक्सपीएजी. अँबेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचे असून, पुढे आलेल्या एमजीए या एमजीच्याच स्पोर्ट्‌स गाडीत १९५५ पासून तेच घराणे होते. परदेशी सुटे भाग आयात करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, अशा काळात आपल्या आजोबांच्या मेकॅनिकने नात्यातलेच इंजिन निवडले, याचे मला कौतुकच वाटते. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने मोठे फेरफार झालेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षे जी गुणपद्धत वापरली, तिच्यात मूळ ओळख टिकवण्यासाठी किमान आठ गुण लागत. मूळ चेसिसला पाच गुण होते आणि इंजिनाला फक्त एक. मेळाव्यातल्या त्या गृहस्थांनी नेमके उलटे वजन दिले.

मूळ इंजिन पुन्हा बसवायचे असेल, तर एक्सपीएजी म्हणून विकायला आणलेल्या इंजिनावरची अष्टकोनी पितळी पाटी नीट वाचावी. एक्सपीएजीपुढे टीडी ही अक्षरे असतील तर ते इंजिन १९५० च्या आसपास आलेल्या टीडी मॉडेलचे आहे. एक्सपीएडब्ल्यू असेल तर ते वूल्सली ४/४४ या बंद टपाच्या घरगुती गाडीचे. ती इंजिने चांगली चालतात, पण त्यांना ‘टीसीचे मूळ इंजिन’ म्हणून पैसे मोजू नयेत. आणखी एक खूण मेकॅनिक मंडळींना फार उपयोगी पडते. या इंजिनाच्या नट-बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत आणि डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, कारण मॉरिस या ब्रिटिश मोटर उद्योजकाने इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीतला जो इंजिन कारखाना १९२३ मध्ये विकत घेतला तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि तिथली यंत्रे फ्रेंच मापाचेच आटे पाडत. व्हिटवर्थचा पाना डोक्यावर घट्ट बसतो, पण बाजारातला व्हिटवर्थ नट त्या बोल्टवर दोन फेऱ्यांत अडकतो, असे झाले तर इंजिन अस्सल असल्याची ती बळकट खूण समजावी.

सागवानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हा प्रश्न वारंवार येतो. टीसीची बॉडी म्हणजे अ‍ॅश नावाच्या झाडाच्या फिकट लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेले पत्रे. या लाकडाला आपला पावसाळा आणि वाळवी दोन्ही सोसत नाहीत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून साग आणून सुताराने तोच आकार तासून बसवला असेल, तर ती दुरुस्ती आहे. फक्त ती लपवू नये. दाराचा बिजागरीचा खांब, सीटखालची आडवी पट्टी आणि मागच्या पेट्रोल टाकीपुढचा भाग येथे टॉर्च मारून पाहावे. बहुतेक गाड्यांत कोठे ना कोठे राखाडी पडलेला अ‍ॅशचा एखादा तुकडा नव्या सागाला जोडलेला सापडतो, आणि मला तरी असा तुकडा पूर्ण नव्या चकचकीत सांगाड्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. काढलेले जुने तुकडे आपण फेकले नसतील अशी आशा करतो. प्रत्येकावर ‘उजवे दार, मागचा खांब’ अशी चिठ्ठी बांधून ते जपून ठेवावेत.

डॅशबोर्डही पाहून घ्यावा. टीसीत चालकापुढे आरपीएमचे घड्याळ असते आणि वेगाचे घड्याळ शेजारच्या माणसापुढे. एखाद्या दुरुस्तीत कोणी ती ‘सोयीसाठी’ अदलाबदल केलेली असते. लुकास कंपनीच्या डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर अशा भागांवर महिना आणि वर्षाचे आकडे ठोकलेले आढळतात. ते १९४८ च्या पुढचे असतील तर तो भाग नंतर बसवलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे चेसिस आणि इंजिनाचा नंबर एकच असणे का? माझ्या एमजीबीचे (एमजीची नंतरची गाडी) दोन्ही नंबर वेगळे आहेत, त्यामुळे घासाघीस करणारा गिऱ्हाईक किंमत पाडून मागतो आहे. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही. कारखान्याच्या नोंदवहीत त्या चेसिसपुढे जो इंजिन नंबर लिहिला आहे, तोच आज गाडीत असणे म्हणजे नंबर जुळणे. एमजीबीचा चेसिस नंबर जीएचएन या अक्षरांनी सुरू होतो, जीटी (बंद छताची) असेल तर जीएचडी, आणि इंजिनाचा, सुरुवातीच्या गाड्यांत, १८ जी ने. दोन्ही मालिका मुळातच स्वतंत्र आहेत. गिऱ्हाइकाचा युक्तिवाद चुकीचा आहे.

ही नोंदवही आजही पाहता येते. इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम १९५५ नंतरच्या एमजी, तसेच ट्रायम्फ आणि ऑस्टिन-हीली गाड्यांसाठी शुल्क घेऊन हेरिटेज सर्टिफिकेट देते. जॅग्वारसाठी वेगळा ट्रस्ट आहे. सर्टिफिकेटात गाडी तयार झाल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर आणि ती कोठे पाठवली ते मिळते. हा जुन्या वहीतला उतारा आहे, गाडीची तपासणी नव्हे. तो हातात धरून प्रत्येक नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा लागतो. विक्रेता नुसते सर्टिफिकेट दाखवून बॉनेट उघडायला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तेथेच सोडावा.

प्रश्न : नगर रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ विकाऊ आहे. कागदपत्रे स्टँडर्ड हेरल्डची आहेत. मालक म्हणतात, दोन्हींचा चेसिस एकच. खरे आहे का? (एक वाचक, औंध)

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि फसवणूक नेहमी अशा अर्ध्या खऱ्यावरच उभी राहते. १९६२ मध्ये आलेल्या स्पिटफायरचा चेसिस ट्रायम्फच्याच हेरल्ड गाडीच्या चेसिसवरून बेतलेला होता, पण तो आखूड केलेला आणि वेगळ्या बांधणीचा आहे. हेरल्ड आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनीने बनवली, त्यामुळे तिचे सांगाडे येथे सहज मिळत आले आहेत.

आपण फक्त मोजपट्टी घेऊन जा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर स्पिटफायरमध्ये ८३ इंच असते आणि हेरल्डमध्ये साडेएक्क्याण्णव. मग गाडीखाली वाकून बघा. हेरल्डच्या चेसिसला दोन्ही कडांनी लांब पट्ट्या जातात, स्पिटफायरमध्ये त्या नाहीत. तिथे बॉडीच्या कडाच भार पेलतात. अंतर ८३ इंच भरले आणि खाली कापून जोडल्याच्या खुणा दिसल्या, तर ती आखूड केलेली हेरल्ड आहे. ट्रायम्फचा कमिशन नंबर, म्हणजे कारखान्याने दिलेला गाडीचा क्रमांक, रिव्हेटने ठोकलेल्या पाटीवर असतो आणि सुरुवातीच्या स्पिटफायरचा एफसी अक्षरांनी सुरू होतो, परंतु रिव्हेट काढून पुन्हा ठोकायला पाच मिनिटे लागतात. ज्या गाडीचे आरसी बुक हेरल्डचे आहे ती कायद्यानेही हेरल्डच आहे. हौस म्हणून हेरल्डच्या किमतीत घ्यायची असेल तर घ्यावी, स्पिटफायरच्या किमतीत मुळीच नाही.

प्रश्न : जॅग्वार एक्सके १२० च्या दाराला चुंबक चिकटत नाही. म्हणजे ती सुरुवातीच्या दुर्मिळ अ‍ॅल्युमिनियम गाड्यांपैकी का? (एक वाचक, बंडगार्डन)

उत्तर : तेवढ्यावरून नाही. १९४८ च्या लंडन प्रदर्शनात ही गाडी आली तेव्हा सुरुवातीच्या सुमारे २४० गाड्यांच्या बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या, पण १९५० पासून पोलादी बॉडी आल्यावरही दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचेच राहिले. चुंबक पुढच्या मडगार्डवर धरून पाहावे. तेथेही चिकटले नाही तर पुट्टीचा जाड थर नाही ना याची खात्री करावी, आणि मग चेसिस नंबर बघावा; उजव्या स्टिअरिंगच्या खुल्या गाड्यांचे नंबर ६६०००१ पासून सुरू होतात, त्यामुळे त्या आकड्याच्या जितके जवळ तितकी शक्यता अधिक.

प्रश्न : पुढच्या मेळाव्यात मी पाहणी करणाऱ्या गटात आहे. कोणाला न दुखावता तपासणी कशी करावी? आणि व्हिंटेज नंबरप्लेटसाठी आमची शिफारस चालते का? (एक कार्यकर्ती, सहकारनगर)

उत्तर : मालकाला विचारल्याशिवाय बॉनेटला हात लावू नये आणि मालक सोबत नसताना निष्कर्ष उच्चारू नये. भांडारकर रस्त्यावरील वाचकांच्या आईंना जे ऐकावे लागले, ते एका कार्डावर ‘चेसिस मूळ, इंजिन बी-सिरीज, सांगाडा अंशतः सागवान’ असे लिहून देता आले असते. काही वर्षांपूर्वी एका गाडीच्या चेसिसवर मला वेल्डिंगने जोडलेला नंबराचा तुकडा आढळला होता. मालक वयस्कर होते, त्यांनी ती विश्वासाने विकत घेतली होती आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. मी त्यांना बाजूला, झाडाखाली नेऊन सांगितले. पुसलेला नंबर रसायनाने पुन्हा उमटवून पाहण्याची सोय न्यायवैद्यक प्रयोगशाळांकडे असते, कारण पंचाच्या घावाने आकड्याखालचा धातूही दबलेला असतो. तो निर्णय मात्र मालकाने आणि त्याच्या वकिलाने घ्यायचा.

व्हिंटेज नोंदणीचा निर्णय शासनाची यंत्रणा करते; आपले कार्ड केवळ जोडपत्र ठरेल. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि फेरनोंदणीचे पाच हजार आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट सर्वांत महत्त्वाची. म्हणून अँबेसेडरचे इंजिन असलेल्या टीसीच्या मालकांनी अर्ज भरण्यापूर्वीच आरटीओत जाऊन त्या बदलाविषयी स्पष्ट विचारावे, इंजिन बदलाची आरसी बुकातली जुनी नोंद दाखवावी, आणि चेसिसचा पेन्सिल प्रिंट व चिठ्ठ्या बांधलेले अ‍ॅशचे ते तुकडे सोबत न्यावेत.