फॅट एकाचं, बिल दुसऱ्याचं

प्रश्न : आमचं गावात दूध संकलन केंद्र आहे. बाबा वहीत लिहायचे ते मी पायथॉनमध्ये घेतलं. नावं, लिटर, फॅट, दर अशा चार लिस्ट केल्या, दहा दिवस मस्त चाललं, मग जास्त दूध कुणाचं ते बघायला लिटरची लिस्ट सॉर्ट केली आणि ५ लिटरवाल्या आजींच्या नावावर २२ लिटर! मित्र म्हणतो क्लास वापर. पण ट्युटोरियलमध्ये कुत्रा भुंकतो नि मांजर म्याव करतं, त्याचा माझ्या दुधाशी काय संबंध? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : काहीच संबंध नाही, सोडा ते कुत्रं. तुमचा घोळ एक्सेलमध्येही होतो, एकच कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला की, फक्त एक्सेल निदान विचारतं तरी की बाजूचे कॉलम पण घेऊ का, पायथॉन विचारत नाही. त्याच्या लेखी त्या चार वेगळ्या लिस्ट आहेत, तिसरं नाव आणि तिसरं फॅट एकाच माणसाचं हे फक्त तुमच्या डोक्यात होतं.

बाबांच्या वहीत हा घोळ का नाही झाला? कारण एका ओळीत सगळं होतं. क्लास म्हणजे छापलेली कोरी पावती, नाव, लिटर, फॅट, दर अशा रकान्यांची. ऑब्जेक्ट म्हणजे त्यातली एक भरलेली पावती. आता चार लिस्टच्या जागी पावत्यांची एकच लिस्ट ठेवा आणि सॉर्टला key (कशावरून क्रम लावायचा ते) म्हणून पावतीवरचं लिटर द्या, पावत्या अख्ख्या हलतील, आजींचं फॅट आजींपाशीच राहील. क्लासमधला तो सेल्फ सगळ्यांना छळतो, पण त्याचा अर्थ एवढाच की "ह्या पावतीवरचं". लिटर गुणिले दर हा हिशोब पण क्लासमध्येच मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) करून टाका, म्हणजे कुठलीही पावती आपली रक्कम स्वतः सांगेल.

हाताने इनिट (__init__, नवी पावती बनताना रकाने भरणारी मेथड) लिहायचा कंटाळा येत असेल तर डेटाक्लास वापरा, २०१८ च्या पायथॉन ३.७ पासून आहे, रकान्यांची नावं नि टाइप लिहिले की बाकीचं तोच करतो. (आणि हो, पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत पण चालतं, खुशाल "लिटर" लिहा.)

खरं डोकं मात्र पुढे लावायचंय. आजी सकाळी म्हशीचं घालतात, संध्याकाळी गाईचं, म्हणजे दिवसाला दोन पावत्या, मग दोन्हीवर त्यांचा बँक खातेनंबर का लिहायचा? उद्या खातं बदललं तर किती ठिकाणी बदलत बसणार? म्हणून दोन क्लास करा. सभासदात नंबर, नाव, खातं, आणि नोंदीत तारीख, वेळ, लिटर, फॅट, दर आणि सभासद कोण ते. तिथे नावाची स्ट्रिंग (नुसता मजकूर) नको, सभासदाचा ऑब्जेक्टच ठेवा, गावात एकाच नावाचे दोघं असतातच.

आता एक खड्डा, ह्यात मी स्वतः अख्खी रात्र घालवलीय. सभासदाच्या नोंदी ठेवायला क्लासच्या अंगातच वर रिकामी लिस्ट लिहिली तर ती सगळ्या सभासदांची मिळून एकच होते, आजींनी दूध घातलं की पाटलांच्या खात्यातही दिसतं. लिस्ट इनिटच्या आत, सेल्फवर बनवा. डेटाक्लासमध्ये असं लिहिलं तर तो व्हॅल्यू एरर देऊन अडवतो, तिथे डिफॉल्ट फॅक्टरी (default_factory, प्रत्येक ऑब्जेक्टला नवी लिस्ट बनवून देणारी सोय) वापरायची.

स्पेलिंग पण जपा. साध्या क्लासमध्ये नंतर नोंद.फ्याट ला ४.२ दिलंत तर पायथॉन मुकाट्याने नवा रकाना काढून देतो आणि खरं फॅट जुनंच राहतं. पायथॉन ३.१० किंवा पुढचं असेल तर डेटाक्लासला स्लॉट्स ट्रू (slots=True, म्हणजे ठरलेल्या रकान्यांशिवाय नवा रकाना नाही) द्या, मग तिथेच बोंब मारेल.

आणि बाबांची वही महिनाभर तरी बंद करू नका, दर १० दिवसांच्या बिलाला दोन्ही बेरजा लावून बघा.