आधी टायमिंग, मग कार्ब्युरेटर

या वेळचे चारही प्रश्न प्रीमियर पद्मिनीचे आहेत. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, मूळ सोलेक्स कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड झालं, म्हणून लोक हाताला येईल तो बसवतात. तसं करायला हरकत नाही, फक्त कामाचा क्रम चुकायला नको: आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मग कार्ब्युरेटर.

प्रश्न : माझ्या १९८६च्या पद्मिनीला गॅरेजवाल्यांनी मध्ये जोडणीची पट्टी टाकून मारुती ८००चा कार्ब्युरेटर बसवला. स्लोला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) गाडी थरथरते, चोक थोडा ओढला की शांत होते. नवा कार्ब्युरेटरच खराब निघाला का? (सातारा)

चोक हवा अडवतो, तो ओढल्यावर सुधारते म्हणजे कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. माझा संशय त्या पट्टीवर आहे. इंजिन स्लोला ठेवून पट्टीच्या कडेने साबणाचं पाणी थेंब थेंब सोडा. पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून ही परीक्षा कधीही करू नका.

मग पट्टी काढा, जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर ती हलकेच फिरवा. चार-पाच फेऱ्यांत उंच भाग चमकू लागतील आणि खोलगट भाग काळेच राहतील. सगळी पट्टी सारखी चमकेपर्यंत घासा. कार्ब्युरेटरचा तळही तसाच तपासा. नवं पॅकिंग घाला आणि नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी गच्च केली तर तळ पुन्हा वाकतो.

स्लो जेटला (स्लोला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, असेल तर चावी दिल्यावर बारीकसा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. वायर जोडायची राहिली असेल तर गाडी स्लोला टिकणारच नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. तो कार्ब्युरेटर ७९६ सीसीच्या इंजिनासाठी बनला आणि तुमचं इंजिन १०८९ सीसीचं आहे. गावात गाडी छान चालेल, पण हायवेला वरच्या वेगात श्वास कमी पडेल. त्यावर जेट मोठा करणं हा उपाय नाही. हवेची वाट अरुंद आहे, नुसतं पेट्रोल वाढवून काय होणार?

प्रश्न : खंबाटकीच्या चढाला इंजिन टकटकतं. मेकॅनिक कानाने टायमिंग लावतात. घरी नीट लावता येईल का? (पुणे)

येईल. १२ व्होल्टचा एक बल्ब, दोन वायरी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) एवढंच लागतं.

पहिल्यांदा सीबी पॉइंटचा गॅप. हे पॉइंट डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना क्रमाने वीज वाटणारा भाग) असतात, ते उघडले की ठिणगी पडते. बहुतेक जुन्या चार सिलिंडर गाड्यांत तो ०.४० मिमीच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. गॅप आधी लावायचं कारण असं की गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. टायमिंग आधी लावून नंतर गॅपला हात लावला तर सगळी मेहनत वाया गेली.

मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा आणि इंजिन त्याच्या चालीच्या दिशेने हाताने फिरवा. अंगठा बाहेर ढकलला गेला की कॉम्प्रेशन आलं. पुलीवरची खूण पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणा. डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणाऱ्या रोटरचं तोंड आता पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे हवं. फायरिंगचा क्रम १-३-४-२.

बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला जोडा, दुसरी बॉडीला, आणि चावी चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला असतो, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटर सैल करून हळूहळू फिरवा, बल्ब पेटतो नेमक्या त्या क्षणी आवळा. रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेला डिस्ट्रिब्युटर फिरवला की अ‍ॅडव्हान्स (ठिणगी लवकर), त्याच दिशेला फिरवला की रिटार्ड (ठिणगी उशिरा). काम झाल्यावर चावी लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापते.

एवढ्यावरही चढाला टकटक राहिली तर दोन अंश रिटार्ड करा आणि त्याच चढावर पुन्हा पाहा. तरीही गेली नाही तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असू शकतं, पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून गाडी गरम झाली की चालू व्हायला त्रास देते. टायमिंग बदलू का? (नागपूर)

टायमिंगला हात लावू नका. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. हायवेवर जोरात चालवून इंजिन थेट बंद करा आणि प्लग काढून पाहा. टोक चहाच्या रंगाचं असेल तर ठीक, पांढरं पडलं असेल तर मुख्य जेट एक पायरी मोठा घाला. गरम झाल्यावरचा त्रास बहुधा नळीत पेट्रोलची वाफ होण्याचा असतो, म्हणून नळी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर घ्या. जुन्या रबरी नळ्या तर सगळ्याच बदला. इथेनॉलने रबर फुगतं, मऊ होतं, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आगीला निमंत्रण.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? (ठाणे)

रोज चालवत असाल तर जरूर बसवा, पॉइंट झिजण्याची कटकट संपते. पण आधी फक्त कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून जोडलेला छोटा भाग) बदलून पाहा. एका गाडीचा कार्ब्युरेटर मी तीनदा खोलून धुतला होता, मिसफायर (ठिणगी चुकणं) जाईना. शेवटी पॉइंट पाहिले तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी. कंडेन्सर बदलला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.