वाचकांचे प्रश्न : मुरलेले चीज आणि डोकेदुखी

प्रश्न : जुने चीज खाल्ल्यावर माझे डोके दुखते, घरच्या दह्याने मात्र त्रास होत नाही. असे का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : चीज महिनोन्‌महिने मुरताना प्रथिनांतून अमिनो आम्ले सुटी होतात, दाताखाली कचकचणारे पांढरे कण अनेकदा टायरोसिन या अमिनो आम्लाचेच असतात. काही जीवाणू या आम्लांतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात, तेव्हा हिस्टिडिनपासून हिस्टामिन आणि टायरोसिनपासून टायरामिन तयार होते, आणि तुमच्या त्रासाचे ते संभाव्य कारण आहे. जीवाणूंचा यात स्वार्थ असतो : या क्रियेत पेशीतील प्रोटॉन (आम्लता वाढवणारा कण) खर्ची पडतो व आंबट वातावरणात त्यांचा निभाव लागतो. रात्रभरात विरजलेल्या दह्यात हे पदार्थ सहसा अत्यल्प असतात. नैराश्यावरील एमएओ-रोधक गोळ्या (शरीरात टायरामिन मोडणारे एमएओ हे विकर रोखणाऱ्या) चालू असल्यास मात्र टायरामिनने रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो; तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे चीज खाऊ नये.